अणूंची गलाई करणारे अ‍ॅस्टन

चिकपेटेत राहणाऱ्यांना गलाई म्हणजे काय ते सांगायला नको. विटा-खानापूरकडची आपली कितीतरी मंडळी इथल्या गल्ल्यांत सोने-चांदी गाळून शुद्ध करून देतात. गेल्या गणपतीत मंडपात बसलो असता एका गलाईवाल्या मित्राच्या मुलाने मला विचारले, की पुस्तकात चांदीचा अणुभार १०७.८७ असा अपूर्णांकात का, शुद्ध चांदीतही भेसळ असते का? मी रेल्वेतला डिप्लोमावाला, रूळ आणि वॅगनी जाणणारा. उत्तर देता आले नाही. म्हणून वर्षभर जमेल तसे वाचले.

ज्यांच्यामुळे हे कोडे सुटले ते फ्रान्सिस विल्यम अ‍ॅस्टन. जन्म १ सप्टेंबर १८७७, बर्मिंगहॅमजवळ हारबोर्न येथे. शिक्षणानंतर १९०० ते १९०३ ही तीन वर्षे त्यांनी चक्क बिअरच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी केली. काच फुंकून नळ्या आणि पंप मात्र स्वतःच्या हाताने बनवत. (हाताने काम करणाऱ्या माणसाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी वाटते, हे कबूल करतो.) १९१० साली जे. जे. थॉमसन यांनी त्यांना केंब्रिजला बोलावले. तेथे निऑन वायूच्या दोन खुणा उमटत, २० ची ठळक आणि २२ ची पुसट. दोन्ही निऑनच, की दुसरा कोणी सोबती? अ‍ॅस्टननी मातीच्या नळीतून वायू पुन्हा पुन्हा पाझरवून पाहिला, पण फरक अगदीच थोडा पडला. तोवर महायुद्ध लागले आणि ते फार्नबरोच्या विमान कारखान्यात गेले.

परतल्यावर १९१९ मध्ये त्यांनी आपले यंत्र उभे केले. अणूवर मुळात विद्युतभार नसतो, त्यामुळे त्याला ओढायचे कशाने? म्हणून विरळ वायूतून हजारो व्होल्टची वीज सोडायची. अणूतला एखादा इलेक्ट्रॉन उडतो आणि धनभारित आयन तयार होतो. हा झोत निर्वातातून, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून न्यायचा. हलका आयन जास्त वळतो, जड कमी. यार्डात एकाच जोराने ढकललेली रिकामी वॅगन पळते आणि भरलेली जेमतेम हलते, तसे काहीसे. खरी करामत पुढे आहे. आयनांचा वेग कमीजास्त असला तरी सारख्या वस्तुमानाचे आयन फोटोच्या काचेवर एकाच रेघेत येतील, अशी मांडणी त्यांनी केली.

निऑन दोन प्रकारचा ठरला. क्लोरीनचे ३५ आणि ३७ निघाले. चांदीतही १०७ आणि १०९ असे दोन भाऊ, जवळजवळ निम्मे-निम्मे. सरासरी काढली की तो अपूर्णांक येतो. रासायनिक गुण सारखेच, त्यामुळे गलाईच्या आम्लाला ते वेगळे करता येत नाहीत. निसर्गातले २०० हून अधिक समस्थानिक अ‍ॅस्टननी शोधले. १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. हायड्रोजनचे चार अणू मिळून हेलियमच्या एका अणूपेक्षा किंचित जड भरतात, हेही त्यांच्या मोजमापातून पक्के झाले आणि सूर्य कशावर जळतो याचा धागा हाती आला.

त्यांनी लग्न केले नाही. संगीत, बर्फावरचे खेळ आणि प्रवास यांचा नाद होता. २० नोव्हेंबर १९४५ रोजी केंब्रिजला निधन झाले.

पुढे आयन करण्याच्या सौम्य पद्धती आल्या, मोठे प्रथिनरेणूही न मोडता मोजता येऊ लागले. त्यासाठी २००२ साली नोबेल मिळालेल्यांत जपानचे कोइची तनाका होते. शिक्षण पदवीपर्यंतच, तेही विद्युत अभियांत्रिकीत! २००८ साली चांद्रयानातून चंद्रावर आदळवलेल्या कुपीतही असेच वजन करणारे यंत्र होते.

यंदा आरतीनंतर त्या मुलाला हे सगळे सांगितले. त्याच्या वडिलांनी फक्त सोन्याचे विचारले. म्हटले, सोने एकच, १९७. ते हसले आणि प्रसाद वाटायला उठले.