चिंचोक्यांची श्रीमंती

आमच्या घरी पलंगाखाली एक पत्र्याचा डबा असतो. त्यात चिंचोके, सीताफळाच्या बिया, शिंपले, नारळाचे हीर आणि रंगीत चिंध्या भरलेल्या असतात. माझी आई अंगणवाडी सेविका आहे. मैत्रिणी घरी आल्या की मी तो डबा पायाने आत सारीत असे. ताराबाई मोडक यांचे चरित्र वाचीपर्यंत हा क्रम चालू होता, हे येथे कबूल केलेले बरे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे विवाह झाला, तो टिकला नाही. त्या काळात एकट्या स्त्रीने हे सोसून पुन्हा उभे राहणे म्हणजे काय, याची आम्हां आजच्या मुलींना पुरती कल्पना यायची नाही. राजकोटला त्या स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्रमुख झाल्या. पण तेही मानाचे पद सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. दोघांच्या प्रयत्नांतून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

भावनगरला माँटेसरी पद्धतीची साधने होती. त्यांपैकी ठोकळ्याच्या भोकांत बसवायचे दट्टे मला फार नवलाचे वाटले. दट्ट्याच्या माथ्यावर बारीक मूठ असते. ती मूल अंगठा आणि दोन बोटांनी धरते. पुढे लेखणी धरायची ती याच चिमटीत. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातील हाडेही अजून पुरती तयार झालेली नसतात. अशा हातात आपण पाटी-पेन्सिल कोंबतो आणि अक्षर वाकडे आले म्हणून रागावतो!

परंतु ही साधने महाग. रोममध्ये १९०७ साली माँटेसरीबाईंनी पहिली शाळा काढली ती गरिबांच्या मुलांसाठी, आणि तीच पद्धत आपल्याकडे मुख्यत्वे शहरांतील सुखवस्तू घरांत रुजावी, हा उलटा न्याय ताराबाईंना सलत असला पाहिजे. १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या.

तेथे सुबक लाकडी पेट्या आणायच्या कोठून? मग शिंपले, खडे, बिया, पाने, माती आणि बांबू हीच साधने झाली. बिया निवडून वेगळ्या करणे, फुले ओवणे, मातीचे गोळे वळणे, पानांच्या घड्या घालणे, यांतही बोटांची तीच चिमूट तयार होते. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. १९५७ साली काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलखात गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढची धुरा अनुताईंनी वाहिली.

स्वस्त साधन म्हणजे कमी कष्टाचे साधन, असा माझा समज होता. दिवाळीच्या सुटीत आईने माझ्यासमोर भिजवलेल्या चिंचोक्यांची वाटी आणि दाभण ठेवले. तासाभरात वीस भोके पडली आणि माझे बोट दोनदा सोलले. मी हौसेने आणलेल्या लाल गुंजा मात्र आईने लगेच बाहेर फेकायला लावल्या. त्या विषारी असतात आणि मुले हाताला लागेल ते तोंडात घालतात. म्हणून ओवायला ती चार वर्षांपुढचीच मुले बसवते आणि उठताना चिंचोके मोजून घेते. त्या दिवशी एकोणीसच भरले. विसावा शोधायला आम्ही दोघी कंदील घेऊन ओटीभर फिरलो, कारण वीज गेली होती.