लायोनेल फील्डन
लायोनेल फील्डन (१८९६–१९७४) हे भारतातील सरकारी नभोवाणीचे पहिले नियंत्रक होत. मुंबई व कलकत्ता येथे १९२७ साली केंद्रे काढणारी खासगी कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि तिचा कारभार सरकारने हाती घेतला. ऑगस्ट १९३५ मध्ये बीबीसीतून आलेल्या फील्डन यांच्याकडे हीच तुटपुंजी सेवा सोपवण्यात आली. ८ जून १९३६ रोजी तिला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. ते व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या गळी उतरवले फील्डन यांनीच. दिल्लीमागून लाहोर (१९३७), लखनौ, मद्रास (१९३८), तिरुचिरापल्ली व ढाका (१९३९) ही प्रांतिक केंद्रे सुरू झाली. तरीही १९३९ मध्ये अवघ्या देशात रेडिओचे परवाने लाखभरही नव्हते. १९४० मध्ये ते मायदेशी परतले. ‘बेगर माय नेबर’ (१९४३) या पुस्तकात त्यांनी भारतातील ब्रिटिश राजवटीवर कठोर टीका केली; एकेकाळच्या सरकारी अधिकाऱ्याने असे लिहावे, हे विशेषच. आत्मचरित्रात (१९६०) मात्र त्यांनी आपले भारतातील नभोवाणीकार्य सपशेल अपयशी ठरवले. हा निवाडा स्वतःवर अन्याय करणारा वाटतो. फाळणीच्या वेळी नऊ केंद्रे उभी होती. त्यांपैकी लाहोर, पेशावर व ढाका पाकिस्तानात गेली, उरलेली सहा भारताकडे राहिली.