आभाराचा दिवस मिळवून देणारी सारा

सकाळी डोळे उघडले की आधी तळहात बघायचे, जमिनीला पाय लावण्यापूर्वी तिला नमस्कार करायचा, मग तुळशीला पाणी. आपल्या आज्यांचा दिवस असाच सुरू व्हायचा, आभार मानून! अमेरिकेत मात्र आभारासाठी वर्षातला एक दिवसच राखून ठेवलाय. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, ‘थँक्सगिव्हिंग डे’. सगळ्या देशाला सुट्टी. आणि मैत्रिणींनो, ही सुट्टी मिळावी म्हणून वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला तो एका विधवा बाईनं. तिचं नाव सारा जोसेफा हेल.

साराचा जन्म २४ ऑक्टोबर १७८८ चा, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या न्यूपोर्टचा. मुलींना तेव्हा कॉलेजची दारं बंद. आईनं घरीच शिकवलं. कॉलेजात जाणाऱ्या भावानं आपला अभ्यास तिलाही दिला. पुढे ती शाळेत शिकवू लागली. १८१३ मध्ये वकील डेव्हिड हेल यांच्याशी लग्न झालं. रोज रात्री नवरा-बायको मिळून वाचायला बसायचे. असा संसार, पण १८२२ मध्ये डेव्हिड न्यूमोनियानं गेले. पदरात चार मुलं, पाचवं पोटात. वय जेमतेम तेहतीस!

त्या दिवसापासून तिनं काळे कपडे घातले ते जन्मभर. पण रडत बसली नाही. नणंदेबरोबर बायकांच्या टोप्यांचं दुकान काढून पाहिलं. मन रमलं ते लेखणीत. १८२७ मध्ये ‘नॉर्थवुड’ ही कादंबरी आली. लगेच बोस्टनच्या एका महिला मासिकाचं संपादन चालून आलं. १८३० मध्ये तिनं मुलांसाठी कवितांचं पुस्तक काढलं. आपली नातवंडं बालवाडीत ‘मेरी’ आणि तिच्या कोकराचं इंग्रजी गाणं म्हणतात ना, ते त्यातलंच! १८७७ मध्ये एडिसननं बोलणारं यंत्र बनवलं, तेव्हा त्यात आधी याच गाण्याच्या ओळी म्हणून पाहिल्या होत्या.

१८३७ पासून साराबाई ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाच्या संपादक. फॅशनची चित्रं, पाककृती, कथा, सगळं त्यात असे. पण मुलींना शिकवा, बायकांना डॉक्टर होऊ द्या, हेही त्या ठासून लिहीत. गंमत म्हणजे बायकांना मताचा हक्क द्यायला मात्र त्यांचा विरोध होता. माणूस सगळ्याच बाबतीत काळाच्या पुढे नसतो.

थँक्सगिव्हिंग तेव्हा मुख्यतः ईशान्येकडच्या राज्यांत साजरा व्हायचा, तोही ज्याच्या-त्याच्या तारखेला. उत्तर आणि दक्षिण गुलामगिरीवरून एकमेकांच्या उरावर बसलेली. वर्षातून एक दिवस सगळा देश एकाच वेळी जेवायला बसला, तर मनं जुळतील, असं साराबाईंना वाटे. १८४६ पासून त्यांनी हा विषय लावून धरला. दरवर्षी अग्रलेख, राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं, एकामागून एका राष्ट्राध्यक्षांना पत्रं. सोबत मासिकात भरलेल्या टर्कीची नि भोपळ्याच्या पायची कृती!

पत्रं गेली, वर्षं गेली. १८६१ मध्ये ज्याची भीती होती ते यादवी युद्ध पेटलं. तरी बाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. २८ सप्टेंबर १८६३ ला त्यांनी अब्राहम लिंकनना पत्र धाडलं. पाचच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, जाहीरनामा निघाला: नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार साऱ्या देशानं आभाराचा दिवस म्हणून पाळावा. घराघरांत माणसं गमावलेली असताना! बाई तेव्हा पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या.

१८७७ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांनी संपादकपद सोडलं. ३० एप्रिल १८७९ ला त्या गेल्या. चौथा गुरुवार कायद्यानं पक्का झाला तो १९४१ मध्ये.

सगळं छान चाललंय म्हणून आभार मानणं सोपं असतं. ऐन तारुण्यात घरधनी गेलेल्या बाईनं ते लढाईत होरपळणाऱ्या देशाला शिकवलं. उद्या सकाळी तुळशीपुढे हात जोडताना साराबाईंची आठवण काढाल ना?