बियाणे, कवटी आणि इरावतीबाई

जालना शहर बियाण्यावर जगते. बियाण्याच्या चाचणी प्लॉटवर राबणाऱ्या मजुरालाही एक गोष्ट पाठ असते. दोन वाणांची तुलना करायची तर दोन्ही एकाच मातीत, एकाच पाण्यावर, पुन्हा पुन्हा लावून पाहावे लागतात. एक काळ्या कसदार रानात आणि दुसरा मुरमाड माळावर पेरला, तर कमी उताऱ्याचा दोष बियाण्यावर टाकता येत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र 'रक्त', 'खानदान' हे शब्द सर्रास निघतात. तिथे माती कुणी विचारत नाही.

हा प्रश्न माणसाच्या कवट्या मोजून तपासणारी मराठी बाई म्हणजे इरावती कर्वे. त्या आपल्या चळवळीच्या नव्हत्या, हे आधीच सांगितलेले बरे. १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात जन्म. तिथल्या नदीवरून नाव पडले. पुण्यात हुजूरपागा, रँग्लर परांजपे यांच्या घरी राहणे, फर्ग्युसन कॉलेज, मग मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली एम. ए. प्रबंधाचा विषय स्वतःचीच जात, चित्पावन ब्राह्मण. महर्षी कर्वे यांच्या त्या सूनबाई. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या या सासऱ्यांचा सुनेच्या परदेशी शिक्षणाला मात्र विरोध होता!

१९२८ साली त्या बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत दाखल झाल्या. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. पुढे नाझींनी त्यांच्याच विद्येचा आधार घेतला. गोऱ्यांची कवटी उजव्या-डाव्या अंगाने असमान असते आणि ती त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, असे फिशर यांचे अनुमान. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. आकडे मांडून पाहिले, तर असमानतेचा वंशाशी काही संबंध दिसेना. प्रबंध तपासणारा गुरू समोर असताना या परक्या विद्यार्थिनीने तसेच लिहून दिले. १९३० मध्ये डॉक्टरेट मिळाली.

१९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी महाराष्ट्रातल्या जातीजमातींची शरीरमापे घेतली. बाबासाहेबांनीही हे शास्त्र बारकाईने अभ्यासले होते. अस्पृश्यांच्या उगमावरील १९४८ च्या ग्रंथात त्यांनी घुर्ये यांनीच दिलेली नाकांची मापे समोर ठेवली आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, हे दाखवून दिले. इरावतीबाईंचे गुरू तेच, आकडेही त्याच परंपरेतले. पण ते कुणासाठी मांडायचे, हे बाबासाहेबांनी ठरवले.

आज कवटीच्या जागी जनुके आली आहेत. हजारो माणसांचे लाखो जनुकीय बदल नोंदवतात आणि कोणता बदल उंचीबरोबर किंवा मधुमेहाबरोबर अधिक वेळा आढळतो, हे संख्याशास्त्राने तपासतात. धोका मात्र प्लॉटवरचाच. समजा, एखादा बदल एका जातीत जास्त आढळतो आणि तीच जात पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिली आहे. मग तो बदलच माणसाला बुटका करतो, असा खोटा निष्कर्ष कागदावर उमटतो. उपासमार केली व्यवस्थेने, नाव लागले रक्ताचे! म्हणून जाणते संशोधक गटागटांतला फरक आधी हिशेबात धरतात, किंवा सख्ख्या भावंडांची तुलना करतात. एक घर, एक चूल.

जातीच्या उगमाबाबत इरावतीबाईंचे मत बाबासाहेबांपेक्षा वेगळे होते. जाती म्हणजे मुळातले वेगवेगळे गट शेजारी येऊन बसलेले, असे त्या मानत. १९६८ मध्ये मल्होत्रा यांच्यासोबत त्यांनी एकाच दर्जाच्या आठ गटांची मापे ताडून पाहिली आणि 'ब्राह्मण' या एका नावाखालीही शरीराने भिन्न समूह आहेत, असे दाखवले. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले होते की एकजीव समाजात जातीबाहेरच्या लग्नाची दारे बंद केली गेली, त्यातून जाती झाल्या. २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी भारतीयांच्या जनुकांचा हिशेब प्रसिद्ध केला. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी इथले लोक सर्रास मिसळत होते, अगदी आज एकाकी दिसणाऱ्या जमातीही. त्यानंतर ही सरमिसळ थांबली.