साधनं खुली करणारा माणूस

ओपन सोर्स म्हटलं की आपल्याला लिनक्स आठवतं, फार तर स्टॉलमन आठवतो. पण सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळावरून गाडी दामटत जाताना त्याच्या संस्थापकाची आठवण किती जणांना होते? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सोर्स, म्हणजे इतिहासाची साधनं, खुली करण्यातच आयुष्य घालवलं.

जन्म १८६३ चा. डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले, थोडे दिवस शाळेत शिकवलं. पत्नी लवकर वारली, पुन्हा लग्न केलं नाही. मग गावोगाव फिरून जुनी मोडी कागदपत्रं गोळा करायची, हाच उद्योग.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. जुन्या घराण्यांची दप्तरं माळ्यावर पडलेली. कुठे वाळवी लागलेली, कुठे वाण्याच्या पुड्या झालेल्या. तरी मालक रुमाल सोडायला तयार नसत. इनामाचा कागद परक्याच्या हाती लागला तर जमीन जाईल, ही भीती! (ज्युनियरला प्रोजेक्ट रिपोर्ट न दाखवणारे महाभाग आपल्या हॉस्टेलवरही आहेतच. त्यांची तर जमीनही जात नाही.)

वाईला मिळालेल्या पत्रांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यात १७५० ते १७६१, म्हणजे पानिपतापर्यंतचा काळ आहे. खरी गंमत इथे आहे. ती पत्रं स्वतःजवळ ठेवून त्यांवर एखादा ग्रंथ लिहिला असता तरी नाव झालं असतं. राजवाड्यांनी मूळ पत्रंच छापून टाकली. स्वतःची मतं आणि ग्रँट डफच्या चुका प्रस्तावनेत. पटत नसेल तर पानं उलटा आणि तपासा! असे एकूण २२ खंड झाले. पुढच्या अभ्यासकांनी त्यांच्या आधारे खुद्द राजवाड्यांच्याही चुका काढल्या.

१९१० साली सरदार मेहेंदळे यांच्यासह त्यांनी मंडळ स्थापन केलं. पण स्वभाव जमदग्नीचा. मतभेद झाले आणि ते धुळ्याला निघून गेले. तिथेच ३१ डिसेंबर १९२६ ला वारले.

एक गोष्ट मात्र चटका लावते. १९०९ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत छापली. तिची मूळ पोथी पुढे अभ्यासकांच्या हाती लागली नाही. ती कितपत जुनी होती यावर विद्वान भांडत राहिले. छापील पुस्तक आहे, ताडून बघायला पोथी नाही.