खिळे घासणारा मुलगा : जावजी दादाजी

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ साली मुंबईत झाला. घरची गरिबी. दहाव्या वर्षीच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. काम काय, तर शिशाचे खिळे घासायचे. पगार महिना दोन रुपये! खिळा म्हणजे छपाईचं एकेक अक्षर, तेही उलटं. घासता घासता जावजींची नजर तयार झाली.

१८६४ साली त्यांनी खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरं कोरायला राणोजी रावजी आरू हे कसबी कारागीर होते. त्या अक्षरांचं वळण बोरूनं लिहिल्यासारखं, कुठे जाड, कुठे बारीक. पुण्याला मामांकडे मी तिथली जुनी पोथी पाहिली. कागद पिवळा पडलाय, पण अक्षर काळंभोर, ठसठशीत! आजी ती चष्म्याशिवाय वाचते. आताचं बारीक टाइपाचं पुस्तक मात्र तिला जमत नाही.

जावजींना स्वतःला शाळा फारशी मिळाली नाही. तरी मोठमोठे संस्कृत ग्रंथ त्यांनी छापले. पंचांगं छापली, आणि आपल्यासारख्या मुलांसाठी ‘बालबोध’ मासिकसुद्धा. मला तर हेच जास्त आवडलं. १८९२ साली ते वारले. संस्कृतचे जाणकार अजूनही निर्णयसागरची जुनी प्रत जपून ठेवतात.