गोलंदाज बाळू पालवणकर

थोर पुरुषांची चरित्रे म्हटली म्हणजे राजे, सेनापती, साधुसंत आणि पुढारी हेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. ज्याने आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे चेंडू टाकण्यात घालविली, त्याचे चरित्र शाळेच्या वार्षिकात कशास हवे, अशी शंका एखाद्या पालकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु मनुष्याच्या अंगचा गुण आणि समाजाने त्या गुणाची केलेली कदर यांमध्ये केवढे अंतर पडू शकते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने बाळू पालवणकर यांचे चरित्र अवश्य वाचावे. म्हणून यंदा आमच्या विद्यार्थिमित्रांसाठी आम्ही हाच विषय निवडला आहे.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. पालवणकर हे आडनाव रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण या गावावरून आलेले. वडील लष्करात नोकरीस होते, आणि त्या निमित्ताने कुटुंब पुण्यास राहत असे. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि जुने चेंडू हेच बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांचे खेळाचे पहिले साहित्य होय. पुढे विठ्ठल व गणपत हे दोघे भाऊही नामांकित खेळाडू झाले. एका घरातून असे चार क्रिकेटपटू निघावेत, आणि तेही ज्या घरास गावच्या विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नव्हती अशा घरातून, ही गोष्ट आजही विचार करावयास लावणारी आहे.

शाळेचे शिक्षण बेताचेच झाले असता बाळूंना पोटासाठी नोकरी धरावी लागली. पुण्यातील पारशी गृहस्थांच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रूळ फिरविणे हे त्यांचे काम होते, आणि दरमहा वेतन होते 3 रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियन लोकांच्या पूना क्लबात 4 रुपयांवर लागले. तेथे खेळपट्टी तयार करावी, सरावाच्या जाळ्या लावाव्यात, टेनिसच्या मैदानावर रेघा आखाव्यात, आणि फुरसत मिळाल्यास साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकावेत, असा त्यांचा दिनक्रम असे. ट्रॉस नावाच्या एका गृहस्थांनी त्यांस प्रथम चेंडू टाकावयास सांगितले असे म्हणतात. त्यांच्या हातातील करामत लवकरच सर्वांच्या ध्यानी आली. त्या काळचे उत्तम फलंदाज कॅप्टन ग्रेग हे तर रोज इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपणांस बाद केल्यास प्रत्येक वेळी 8 आणे देण्याचे त्यांनी कबूल केले होते, अशी आख्यायिका आहे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या क्लबात बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली. परंतु फलंदाजीसाठी बॅट त्यांच्या हाती एकदाही देण्यात आली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान आणि चेंडू टाकणे हे नोकराचे काम, अशी तेव्हाची समजूत होती. बाळूंनी मात्र त्या नोकराच्या कामाचीच विद्या बनविली. ते डावखुरे व संथ गतीचे गोलंदाज होते. अशा गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या पायाकडून बाहेरच्या बाजूस वळतो. वेग नसल्यामुळे चेंडूचा टप्पा कोठे पाडावा, त्यास हवेत किती उंची द्यावी, आणि कोणता चेंडू वळवून कोणता सरळ ठेवावा, या गोष्टींवरच सर्व यश अवलंबून असते. वर्षानुवर्षे चांगल्या फलंदाजांपुढे रोज तासन् तास चेंडू टाकल्यामुळे बाळूंच्या हातास अचूकपणाची जी सवय जडली, ती कोणत्याही गुरूने शिकविली नसती.

त्या सुमारास पुण्यातील हिंदू क्लबास युरोपियन संघाशी सामना खेळावयाचा होता. बाळूंना संघात घ्यावे की नाही यावरून क्लबात मोठा वाद माजला. काही सभासदांना अस्पृश्य मानलेल्या मनुष्यासोबत खेळणे पसंत नव्हते. परंतु सामना जिंकण्याची इच्छा अखेर वरचढ ठरली आणि बाळू संघात आले. तडजोड मात्र विलक्षण होती. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावयाचा. परंतु चहाच्या वेळी इतर खेळाडू आत पेल्यांतून चहा घेत असता बाळूंनी मात्र बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून तो प्यावयाचा. जेवणाच्या वेळी त्यांचे ताट वेगळे आणि टेबलही वेगळे. ज्या हाताने टाकलेल्या चेंडूवर संघाची सारी भिस्त होती, त्याच हाताचा स्पर्श चहाच्या पेल्यास मात्र चालत नव्हता!

बाळूंच्या गोलंदाजीच्या जोरावर पुण्याच्या हिंदूंनी युरोपियन संघांवर विजय मिळविले. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याने तर त्यांचा चेंडू वळू नये म्हणून खेळपट्टीवर अनेक दिवस रूळ फिरविला होता असे सांगतात. तरीही बाळूंनी 7 गडी बाद केले. या विजयानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर सभेत बाळूंचा गौरव केला, आणि ज्यांस त्यांच्यासोबत खेळणे चालते त्यांनी त्यांच्यासोबत खाण्यापिण्यासही हरकत घेऊ नये, असे इतर खेळाडूंना बजावले. लोकमान्य टिळकांनीही दुसऱ्या एका प्रसंगी त्यांस हार घातला. रानडे आणि टिळक यांचे सामाजिक प्रश्नांवर किती मतभेद होते हे सर्वश्रुत आहे. परंतु या गोलंदाजाच्या बाबतीत दोघांचे एकमत झाले.

1896 साली पुण्यावर प्लेगाची साथ आली, आणि त्या सुमारास बाळू मुंबईस गेले. तेथे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांनी नोकरी केली. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांस घेण्यास प्रारंभी विरोध झालाच; पण तो फार काळ टिकला नाही. येथे पुण्याच्या एक पाऊल पुढे जाऊन पालवणकर बंधूंना इतर खेळाडूंच्या पंक्तीस बसण्याचीही मोकळीक मिळाली.

1906 च्या फेब्रुवारीत मुंबईस हिंदू विरुद्ध युरोपियन हा सामना झाला. हिंदूंनी 242 व 160 धावा केल्या, युरोपियनांनी 191 व 102, आणि हिंदूंनी 109 धावांनी विजय मिळविला. बाळूंनी या सामन्यात 8 गडी बाद केले. बंगालच्या फाळणीमुळे देशात असंतोष पेटलेला असताना राज्यकर्त्यांवर त्यांच्याच खेळात मिळविलेला हा जय लोकांस फार मोठा वाटला. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने मात्र त्यातील दुसरा अर्थ अचूक हेरला. उच्चनीच मानलेल्या जातींचे लोक एका संघात आले, आणि म्हणूनच हा जय मिळाला, हे त्या पत्राने आपल्या वाचकांपुढे मांडले. पुढील वर्षीही हिंदूंनी विजयाची पुनरावृत्ती केली.

बाळूंच्या कीर्तीचा कळस 1911 साली झाला. त्या वर्षी पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांच्या नेतृत्वाखाली हिंदू, पारशी व मुसलमान खेळाडूंचा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळूंचे वय तेव्हा 35 वर्षांचे होते. संघाची एकंदर कामगिरी निराशाजनकच झाली. प्रथम श्रेणीच्या 14 सामन्यांपैकी 10 सामने तो हरला व केवळ 2 जिंकला. परंतु या पडत्या संघात एक गोलंदाज मात्र सतत झुंजत राहिला. दौऱ्यातील सर्व सामने मिळून बाळूंनी 114 बळी घेतले, त्यांपैकी 75 प्रथम श्रेणीच्या सामन्यांत होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध तर त्यांनी एकाच डावात 8 गडी टिपले. पुण्याच्या मैदानावर झाडू मारणाऱ्या मुलाने इंग्लंडच्या हिरवळीवर नामांकित फलंदाजांना जेरीस आणले, आणि तेथील जाणकारांनी त्यांची मनमोकळी प्रशंसा केली.

परत आल्यावर मुंबईस दलित समाजाच्या वतीने त्यांचा सत्कार झाला. त्या वेळचे मानपत्र तयार करण्यात भीमराव आंबेडकर नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याचा हात होता. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जे जगास ज्ञात झाले, त्यांस विद्यार्थिदशेत आपल्या समाजाचा अभिमान वाटावा असे जे पहिले पुरुष लाभले, त्यांत बाळूंची गणना केली पाहिजे.

1912 पासून हिंदू, पारशी, मुसलमान व युरोपियन यांच्यात चौरंगी सामने सुरू झाले. अनुभव, वय आणि कर्तृत्व या तिन्ही दृष्टींनी हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे यावयास हवे होते. पण ते त्यांस कधीच मिळाले नाही. 1913 साली कर्णधार झालेल्या पई यांनी स्वतःच, हा मान वास्तविक बाळूंचा होता, असे उदार मनाने जाहीर केले. 1920 साली तर बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. पई आजारी पडल्यामुळे कर्णधारपद रिकामे झाले, तेव्हा विठ्ठल पालवणकर यांचा हक्क डावलून ते प्रा. दि. ब. देवधर यांस देण्यात आले. देवधर हे स्वतः थोर खेळाडू होते यात शंका नाही. परंतु निवड गुणांवर झाली नसून जातीवर झाली, असे विठ्ठल व शिवराम यांचे मत झाले, आणि आपला निषेध लेखी प्रसिद्ध करून दोघे बंधू संघाबाहेर पडले. त्यांनी दयेची याचना केली नाही, न्याय मागितला. लोकमत त्यांच्या बाजूस वळले. शेवटी समेट होऊन बंधू परतले, बाळूंस पारशी संघाविरुद्धच्या सामन्यात उपकर्णधार नेमण्यात आले, आणि पई मैदानाबाहेर गेले असता काही काळ संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. एवढाच काय तो त्यांच्या वाट्याचा मान!

परंतु त्या झगड्याचे फळ 1923 साली दिसून आले. त्या वर्षी विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. संघाने युरोपियनांचा पराभव करून चौरंगी सामने जिंकले, आणि आनंदित झालेल्या प्रेक्षकांनी विठ्ठल यांस खांद्यांवर उचलून घेतले. ज्या घराण्याच्या स्पर्शाचा तीस वर्षांपूर्वी विटाळ मानला जात होता, त्या घराण्यातील पुरुषास आपल्या खांद्यावर घेण्यासाठी आता गर्दी लोटली होती.

असा प्रकार केवळ आपल्याच देशात घडला असे नव्हे. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ आपल्याकडील क्रिकेटइतकाच लोकप्रिय आहे. त्या खेळातील अद्वितीय चेंडूफेके सॅचेल पेज हे निग्रो वंशाचे असल्यामुळे त्यांस वरिष्ठ संघांत अनेक वर्षे प्रवेश नव्हता. 1948 साली तो मिळाला तेव्हा त्यांचे वय 42 झाले होते. कोठे वर्ण, कोठे जात. निमित्त निराळे, पण रीत एकच. गुण हवा असतो, आणि गुणी मनुष्य मात्र नको असतो.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात उतरले. 1932 सालच्या पुणे करारावर त्यांची सही आहे. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांचे डॉ. आंबेडकरांशी मतभेद झाले, आणि 1937 साली मुंबई प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांस डॉक्टरसाहेबांविरुद्धच उभे केले. डॉ. आंबेडकरांना 13,245 मते पडली आणि बाळूंना 11,225. ज्याने एके काळी मानपत्र लिहिण्यास हातभार लावला, त्याच्याशीच सामना खेळण्याची पाळी यावी हा दैवाचा खेळ होय. आमच्या भागातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल की, पुढे 1954 साली स्वतः डॉ. आंबेडकर भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले व पराभूत झाले. आपला गोंदिया जिल्हा 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता. निवडणुकीतील जयपराजयावरून मोठ्या माणसांचे मोल ठरत नाही, हे या दोन्ही उदाहरणांवरून समजावे.

4 जुलै 1955 रोजी बाळू पालवणकर मुंबईस निवर्तले. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत त्यांनी 179 बळी घेतले, आणि प्रत्येक बळीमागे सरासरी केवळ 15 धावा दिल्या. भारताचा पहिला कसोटी सामना 1932 साली लॉर्ड्सवर झाला, तेव्हा ते 56 वर्षांचे होते. त्या कसोटीत भारताचे नेतृत्व करणारे आपल्या नागपूरचे कर्नल सी. के. नायडू हे 1916 साली याच हिंदू संघातून पुढे आले होते. बाळूंसारख्यांनी जी वाट तुडविली, त्याच वाटेने पुढील पिढी कसोटीच्या मैदानावर पोहोचली. परंतु वाट पाडणाऱ्याचे नाव मात्र लोक विसरत गेले.

विद्यार्थिमित्रहो, धानाची कापणी झाली म्हणजे आमगावच्या परिसरात रिकाम्या बांध्यांमधून क्रिकेटचे डाव रंगू लागतात. शाळेच्या पटांगणावरही तुम्ही मोठ्या उत्साहाने खेळता. तेथे नेहमी चेंडू टाकावयास कोणास लावले जाते, झुडुपांत गेलेला चेंडू आणावयास कोणास पिटाळले जाते, आणि बॅट कोणाच्या हाती कधीच पडत नाही, याकडे प्रत्येकाने एकदा लक्ष द्यावे. खेळ झाल्यावर पाण्याच्या नळाशी कोण मागे उभा राहतो, हेही पाहावे. बाळूंनी आपल्या परीने चेंडू अचूक टाकला. त्यात कधी कसूर केली नाही. त्यांच्याकडून शिकण्यासारखी चिकाटी तर आहेच. परंतु त्यांचे संघसोबती, त्यांचा क्लब आणि त्यांचा समाज यांनी जे करावयास उशीर लावला, ते वेळेवर करणे हा धडाही तितकाच महत्त्वाचा आहे, असे आम्हांस वाटते. गुणाची चाड धरणाऱ्याने गुणी मनुष्यास आपल्या शेजारी जागा दिली पाहिजे. मग तो मैदानावर असो, वर्गात असो, किंवा पंगतीत असो.